तुम्ही चालत राहा, गाडी थांबेल

आमच्या गोदामात रोबो आणायचं ठरलं तेव्हा सगळ्यांत आधी कामाला लागले ते फरशी दुरुस्त करणारे. भिवंडीतल्या बहुतेक नव्या गोदामांसारखी आमची जमीन ट्रिमिक्सची आहे. ओतलेल्या काँक्रीटमधलं जादा पाणी व्हॅक्यूमने खेचून घेतात आणि वरून मशीनने घोटून ती गुळगुळीत करतात. या जमिनीला ठरावीक अंतरावर कापलेले सांधे असतात, आणि फोर्कलिफ्टच्या टणक चाकांखाली त्या सांध्यांच्या कडा काही वर्षांत झडतात. हायड्रोलिक ट्रॉली ओढणाऱ्या माणसाला कुठला सांधा खराब आहे ते पाठ असतं. तो ट्रॉली जरा तिरकी घेतो आणि पुढे जातो. रोबोची चाकं लहान, वर क्रेट ठेवायचं उंच शेल्फ. अशा सांध्यावर ती अख्खी गाडी हादरते आणि वरचा क्रेट सरकतो. म्हणून रात्री एकेक गल्ली रिकामी करून सांधे भरून घेतले. कुठले सांधे आधी भरायचे, ही यादी नकाशावरून कुणालाच काढता येत नव्हती. ती पिकिंगच्या, म्हणजे रॅकमधून माल काढणाऱ्या, मुलामुलींनी दिली. खडूने खुणा करत ते गल्लीगल्लीतून फिरले आणि तासाभरात काम झालं.

मी या गोदामात पिकिंगच्या पाळीची इनचार्ज आहे. माणसांच्या बरोबरीने फिरणारे रोबो आमच्याकडे कसे आले, काय बदललं, कुठे अडलं, हे मी लिहिते आहे. कारण या विषयावर वाचायला मिळतं ते बहुतेक यंत्र विकणाऱ्यांचं असतं. जमिनीवर उभं राहून काम करणाऱ्यांच्या बाजूचं फार कमी सापडतं.

भिवंडी पूर्वी यंत्रमागाचं गाव. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, नाशिक महामार्गावर आणि न्हावाशेवा बंदराच्या आवाक्यात असल्याने माणकोली, दापोडे, वळ, पूर्णा, राहनाळ या गावांमध्ये गोदामांचे गाळे उभे राहत गेले. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर प्रत्येक राज्यात वेगळं छोटं गोदाम ठेवायची गरज कमी झाली आणि पडघ्यापर्यंत प्रचंड आकाराची नवी गोदामं बांधली गेली. आमचं त्यांतलंच एक. साबण, शाम्पू, तेल, बिस्किटं, भांडी, डायपर असा घरात लागणारा सगळा माल. ऑर्डरप्रमाणे तो रॅकमधून काढून पॅकिंगला न्यायचा, म्हणजे पिकिंग. आमच्याकडे निम्म्याहून जास्त पिकर बायका आहेत. कुणी शहापूरकडून येतं, कुणी आसपासच्या गावांतून. पुरुषांमध्ये उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाचे बरेच. एका पाळीत पिकरचं दहा-बारा किलोमीटर चालणं सहज होतं, तेही ट्रॉली ढकलत.

ते चालणं कमी करायला रोबो. पण रोबो म्हणजे एकच प्रकार नाही, आणि माणसांच्या दृष्टीने या प्रकारांमधला फरक मोठा आहे. अमेरिकेत मिक माउंट्झ यांनी २००३ मध्ये किवा सिस्टिम्स ही कंपनी काढली. तिचे बुटके रोबो अख्खं शेल्फ उचलून एका जागी उभ्या असलेल्या माणसापुढे आणून ठेवत. ज्या भागात रोबो फिरतात तिथे कुंपण घातलेलं असतं, माणूस आत जात नाही. अमेझॉनने २०१२ मध्ये ७७.५ कोटी डॉलरला ती कंपनी विकत घेतली आणि पुढे हे रोबो स्वतःपुरतेच ठेवले. त्यामुळे अडचणीत आलेल्या क्वाएट लॉजिस्टिक्स या गोदाम चालवणाऱ्या कंपनीतून लोकस रोबोटिक्स निघाली, आणि तिने वेगळा मार्ग घेतला. शेल्फ जागेवरच राहतात, माणसं गल्लीत राहतात आणि रोबो त्यांच्यामधून फिरतात. आमच्याकडे आले ते या दुसऱ्या पद्धतीचे, दुसऱ्या एका पुरवठादाराचे. गाडी ऑर्डर घेऊन नेमक्या रॅकसमोर जाऊन थांबते. जवळचा पिकर येतो, स्क्रीनवर चित्र आणि नग बघतो, माल स्कॅन करून क्रेटमध्ये टाकतो, गाडी पुढच्या रॅककडे निघते. क्रेट भरला की ती आपणच पॅकिंगला जाते. मध्ये कुंपण नाही. कुंपण नसल्यामुळेच पुढचं सगळं करावं लागलं.

नकाशा बनवायला पुरवठादाराचे दोन तरुण इंजिनियर आले. जुन्या स्वयंचलित गाड्या जमिनीतल्या तारेवरून किंवा चुंबकी पट्टीवरून चालत. अशी गाडी पट्टी सोडत नाही, समोर काही आलं की उभी राहते. हे नवे रोबो लायडरने, म्हणजे फिरत्या लेझरकिरणाने, भिंती आणि रॅकचे पाय मोजतात, त्यावरून नकाशा बनवतात आणि वाटेत अडथळा आला तर दुसरी वाट काढतात. इंजिनियरने पहिला रोबो हाताने चालवत सगळ्या गल्ल्यांतून फिरवला आणि लॅपटॉपवर आमच्या गोदामाची काळी-पांढरी आकृती उमटत गेली. ते बघायला पाळी सुटल्यावरही लोक थांबले होते.

मी त्यांना एकच सांगितलं, हा नकाशा जूनमधला आहे. दिवाळीच्या आधी याच गोदामात चालायला जागा नसते. डॉककडच्या, म्हणजे ट्रक लागतात तिथल्या, मोकळ्या भागात पॅलेटवर पॅलेट, म्हणजे माल रचलेले लाकडी पाट, चढतात, गल्ल्यांच्या तोंडाशी माल उतरतो. रोबो ज्या भिंती बघून स्वतःची जागा ओळखतो, त्या भिंतीच मालामागे झाकल्या जातात. इंजिनियर चांगले होते, त्यांनी ऐकून घेतलं. ज्या वस्तू वर्षभर हलणार नाहीत, म्हणजे खांब, रॅकचे पाय, पॅकिंगची टेबलं, त्यांच्यावर भर देऊन त्यांनी नकाशा पक्का केला आणि मोकळ्या भागात ओळखखुणा म्हणून चमकणाऱ्या पट्ट्या लावल्या.

वाय-फायचंही तसंच निघालं. सिग्नलची मोजणी झाली तेव्हा रॅक अर्धे रिकामे होते. पाणी रेडिओलहरी शोषतं, आणि शाम्पू, हँडवॉश, फिनेल यांत बहुतेक पाणीच असतं. सणाचा माल भरल्यावर त्या दोन गल्ल्यांत रोबो मध्येच गोंधळून उभे राहू लागले. एका अॅक्सेस पॉइंटवरून दुसऱ्यावर जाताना त्यांचा संपर्क तुटत होता. भरलेल्या रॅकनिशी पुन्हा मोजणी करून अँटेना वाढवाव्या लागल्या. पुढे कुणी हे करणार असेल तर मोजणी माल भरलेला असतानाच करून घ्यावी. हा खर्च नंतर मागायला गेलं की फार त्रास होतो.

रोबो प्रत्यक्ष चालू होण्याआधी मी पाळीतल्या सगळ्यांना एकत्र बसवलं. व्यवस्थापनाची इच्छा होती की इंजिनियरने व्हिडिओ दाखवावा आणि सह्या घ्याव्यात. मी आधी प्रश्न घेतले. पहिला प्रश्न नोकरीचाच होता. मला जे लेखी मिळालं होतं तेवढंच मी सांगितलं, की पहिल्या वर्षात पिकिंगमधली माणसं कमी करणार नाहीत. त्यापुढचं आश्वासन माझ्याकडे नव्हतं, म्हणून दिलं नाही. दुसरा प्रश्न असा, की गाडी धडकून माल फुटला तर पैसे कुणाच्या पगारातून कापणार? हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याच दिवशी वरून उत्तर आणलं, की कुणाच्याच नाही, आणि ते नोटीस बोर्डावर लावलं. एक मुलगी मागे बसली होती, ती बैठक संपल्यावर हळूच आली. तिला पाचवा महिना चालू होता. विचारलं, “ताई, त्या लेझरने बाळाला काही होत नाही ना?” हे लेझर क्लास १ चं असतं, म्हणजे डोळ्यांवर पडलं तरी इजा होणार नाही इतकं कमी ताकदीचं. तो न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश आहे, एक्स-रेसारखा शरीरातून आरपार जात नाही. मी तिला हे सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांनाही सांगितलं. एकीने विचारलं तेव्हा पाचजणींच्या मनात ते असतंच.

मग चाचणी झाली. चालकाविना चालणाऱ्या औद्योगिक गाड्यांसाठी आयएसओ ३६९१-४ असं आंतरराष्ट्रीय मानक आहे, २०२० मध्ये आलेलं. माणूस ओळखण्याची गाडीची क्षमता तपासायला त्यात दोन नळकांडी वापरतात. एक ७० मिलिमीटर व्यासाचं, उभं, म्हणजे माणसाचा पाय. दुसरं २०० मिलिमीटर व्यासाचं, ६०० मिलिमीटर लांब, जमिनीवर आडवं ठेवलेलं, म्हणजे खाली पडलेला माणूस. इंजिनियरांनी ती काळ्या रंगाची आणली होती, कारण काळा पृष्ठभाग प्रकाश फार कमी परत पाठवतो. काळ्या पँटमधला पाय दिसला तर बाकीचे दिसतातच. रिकामी गाडी, भरलेली गाडी, सरळ, वळताना, अशा सगळ्या प्रकारे बघितलं. मी जमीन ओली करून पुन्हा बघायला लावलं. पावसाळ्यात डॉककडून आत येणाऱ्या माणसांच्या बुटांबरोबर पाणी येतंच, आणि ओल्या घोटीव काँक्रीटवर गाडी जास्त घसरते. तिथे वेग कमी ठेवायचं ठरलं. वेग दुप्पट झाला तर ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर साधारण चौपट होतं. म्हणूनच गाडी जितकी जोरात, तितका तिचा समोर बघायचा पट्टा लांब ठेवलेला असतो. हे गणित फळ्यावर काढून दाखवल्यावर फोर्कलिफ्ट चालवणारे मामा सगळ्यांत मन लावून ऐकत होते.

पहिल्या आठवड्यांत अपघात झाला नाही, पण काम खोळंबलं. गाडी समोरून आली की माणसं आदबीने बाजूला उभी राहत. गाडीला माणूस दिसला की तीही थांबे. दोघंही एकमेकांसाठी थांबलेले. त्यात काही तरुण मुलं मुद्दाम पाय पुढे घालून बघत. त्यांना रागावून उपयोग नव्हता, खात्री करून घ्यायची त्यांना गरज वाटत होती. मी सगळ्यांना एकेकदा इंजिनियरसमोर ते करू दिलं. ज्याला बघायचं त्याने बघावं, पुढे मात्र नाही. आणि नियम एकच ठेवला: “तुम्ही चालत राहा, गाडी थांबेल.” आपल्या नेहमीच्या वेगाने, सरळ चालायचं. अचानक थांबायचं नाही, पळायचं नाही, गाडीसाठी जागा करायची नाही. माणूस सरळ चालत असेल तर गाडीला त्याची वाट ओळखता येते. आदर म्हणून बाजूला होणाऱ्या माणसाची पुढची हालचाल तिला कळत नाही. हे अंगवळणी पडायला वेळ लागला, विशेषतः मोठ्या वयाच्या बायकांना. अंगावर येणाऱ्या गाडीपुढून न थांबता चालायचं, हे शरीराला पटवणं सोपं नाही.

पण हा नियम फोर्कलिफ्टच्या भागात लागू नाही, आणि हे मला ठळक सांगायचं आहे. गोदामात जीव घेणारं यंत्र फोर्कलिफ्ट आहे. ती टनभर माल उचलते, मागच्या चाकांवर वळते, आणि माल पुढे असला की चालकाला समोरचं दिसत नाही. रोबो आपल्यासाठी थांबतो अशी सवय लागलेला पिकर फोर्कलिफ्टसमोरही तसाच चालत राहिला तर काय होईल, या विचाराने मला त्या काळात झोप लागत नसे. दोन्हींचे भाग आम्ही पूर्ण वेगळे केले. जिथे रस्ता ओलांडावाच लागतो तिथे लाल पट्टा, आणि लाल पट्ट्यावर नियम उलटा: माणूस थांबेल, मान वळवून बघेल, चालकाशी नजर मिळेल, मगच पुढे.

रोबोलाही फोर्कलिफ्ट नीट दिसत नाही, हे आम्हाला मामांनी दाखवून दिलं. सुरक्षेचा स्कॅनर जमिनीपासून साधारण वीस सेंटीमीटरवर आडव्या रेषेत बघतो, कारण त्याला पाय शोधायचे असतात. फोर्कलिफ्टचे काटे कंबरेइतके वर असतील तर ते त्या रेषेत येतच नाहीत. रोबोला दिसतो तो फक्त काट्यांच्या मागचा, चाकांजवळचा भाग, लांबवर. तसंच खालचं. रिकामं लाकडी पॅलेट पंधराएक सेंटीमीटर उंच असतं, म्हणजे रेषेच्या खाली. या दोन्हींसाठी रोबोवर वेगळे थ्रीडी कॅमेरे असतात, पण त्यांचा आवाका लहान आणि त्यांच्यावर धूळ बसते. म्हणून रिकामं पॅलेट गल्लीत आडवं टाकायचं नाही, एकतर जागेवर नाहीतर रचून, हा नियम सगळ्या पाळ्यांना लागू केला. काच पुसायचं फडकं आता प्रत्येक गल्लीच्या टोकाला टांगलेलं असतं. पॅलेटला गुंडाळलेली प्लॅस्टिक फिल्म आणि खोक्यांच्या पट्ट्या तर रोबोच्या चाकात इतक्या अडकायच्या, की सफाईच्या ताईंचं काम एकाएकी गोदामातलं सर्वांत महत्त्वाचं काम झालं. त्यांना तसं सांगितलंही, आणि ठेकेदाराशी बोलून सफाईची माणसं वाढवून घेतली.

ओढणीचा मुद्दा बायकांनीच काढला. स्कॅनरला पाय दिसतो, गाडी थांबते, पण थांबलेल्या गाडीवर वाकून माल ठेवताना ओढणीचं टोक शेल्फच्या कडेत अडकू शकतं आणि बटण दाबल्यावर गाडी निघते. पुढच्या पाळीपासून ओढणी जॅकेटच्या आत. आणि बटण दाबल्यावर गाडी लगेच न निघता थोडं थांबून, आवाज देऊन निघेल, असं सेटिंग करून घेतलं. इंजिनियर म्हणाला, “मॅडम, प्रत्येक पिकमागे तेवढा वेळ जाईल.” जाऊ दे म्हटलं.

खंडेनवमीला आमच्याकडे दरवर्षी फोर्कलिफ्टची, हायड्रोलिक ट्रॉल्यांची, स्कॅनरचीही पूजा होते. त्या वर्षी रोबोंची झाली. झेंडूचे हार घातले, हळदकुंकू लावलं, आणि हारांची टोकं नेमकी स्कॅनरसमोर लोंबली. गाड्यांना समोर सतत अडथळा दिसत होता, एकही जागची हलेना. हार वर बांधल्यावर चालल्या. मला त्या पूजेचा मनापासून आनंद झाला. ज्या यंत्राची भीती वाटते त्याला कुणी हार घालत नाही.

आगीची रंगीत तालीम मात्र नीट गेली नाही. अलार्म वाजला की सगळे रोबो जागच्या जागी थांबतील, असं पुरवठादाराने बसवलं होतं. ऐकायला ते सुरक्षित वाटतं. प्रत्यक्षात ज्या गल्ल्यांतून माणसांनी बाहेर पळायचं, त्याच गल्ल्यांत गाड्या उभ्या राहिल्या, आणि एक तर फायर शटरच्या बरोबर खाली. शटर खाली आलं असतं तर गाडीवर अडकलं असतं आणि आग पलीकडे जायला फट राहिली असती. तालीम होती म्हणून बरं. त्यानंतर बदल करून घेतला: अलार्म वाजला की रोबो गल्ली सोडून रॅकच्या टोकाकडच्या ठरवलेल्या कोपऱ्यांत जाऊन थांबतात, आणि शटरखाली व दारांसमोर कधीही उभे राहू नयेत असा पट्टा नकाशातच आखला. वीज गेली, वाय-फाय गेलं तरी त्यांना हे आपल्या आपण करता आलं पाहिजे, हेही तपासलं. माझ्या मते माणसांसोबत रोबो ठेवणाऱ्या प्रत्येक गोदामाने पहिल्याच महिन्यात ही तालीम करावी, भर पाळीत, माल वाटेत असताना.

इथपर्यंतचं सगळं यंत्राच्या सुरक्षेचं झालं. त्यावर सगळे बोलतात, कारण तिथे मानकं आहेत, चाचण्या आहेत. मला जास्त झगडावं लागलं ते दुसऱ्याच गोष्टीसाठी.

चालणं कमी झाल्यावर पहिले काही दिवस सगळे खूश होते. बायका सांगायच्या, घरी गेल्यावर पाय दुखत नाहीत, पोटऱ्यांत गोळे येत नाहीत. पण महिना-दोन महिन्यांत वेगळ्या तक्रारी आल्या. मनगट, खांदा, कंबर. कारण साधं आहे. पूर्वी एक वस्तू काढली की पुढच्या रॅकपर्यंत चालत जायचं. ते चालणं थकवणारं होतं, पण त्या वेळात हातांना आणि कंबरेला आराम मिळत होता. आता चालायचं काम गाडीकडे गेलं आणि पिकरकडे राहिलं वाकणं, ओढणं, स्कॅन करणं, ठेवणं. एक गाडी गेली की दुसरी उभी. तासाला निघणारे नग, ज्याला आम्ही यूपीएच म्हणतो, झपाट्याने वाढले आणि वरून कौतुक झालं. मग वाढलेला आकडाच नवं टार्गेट व्हायची बोलणी सुरू झाली.

अमेरिकेतल्या रिव्हील या शोधपत्रकारिता करणाऱ्या संस्थेने २०२० मध्ये अमेझॉनच्या २०१६ ते २०१९ या काळातल्या अंतर्गत नोंदी प्रसिद्ध केल्या होत्या. रोबो असलेल्या गोदामांत गंभीर दुखापतींचं प्रमाण रोबो नसलेल्या गोदामांपेक्षा सुमारे ५० टक्के जास्त दिसत होतं. कंपनीने तो निष्कर्ष मान्य केला नाही. तिथली पद्धत एका जागी उभं राहून काम करायची आहे, आमची तशी नाही, हे खरं. पण गाडी कामाचा वेग वाढवते आणि तो वेग माणसाच्या सांध्यांवर येतो, हे मी रोज समोर बघत होते. ती बातमी छापून मी बैठकीला नेली.

आमच्या डॉकवर माल उतरवणारे जुने माथाडी आहेत. १९६९ चा माथाडी कायदा होण्याआधी आणि नंतरही, ओझं किती, दर किती यासाठी त्यांच्या पिढ्या भांडल्या आहेत. त्यांच्यातल्या एका काकांना चहाच्या वेळी मी हे सगळं सांगत होते. त्यांनी विचारलं, “गाडीचा वेग कोण ठरवतं?” म्हटलं, सॉफ्टवेअर. “आणि सॉफ्टवेअरला कोण सांगतं?” त्याचं उत्तर मलाही नेमकं माहीत नव्हतं. पुरवठादाराला विचारल्यावर कळलं, की एका पिकरकडे किती गाड्या पाठवायच्या, एकावेळी किती ऑर्डर सोडायच्या, हे आकडे आमच्याच कंट्रोल रूममधून बदलता येतात. कुणीतरी ते सुरुवातीला भरले होते आणि पुढे तसेच राहिले होते.

तेव्हापासून ते आकडे ठरवायला पाळीतल्या चार पिकर बसतात. दर काही महिन्यांनी बदलून. पहिल्याच बैठकीत त्यांनी ज्या गोष्टी मागितल्या त्या मला कुठल्याच मॅन्युअलमध्ये दिसल्या नव्हत्या. जड माल, म्हणजे पाच लिटरचं तेल, डिटर्जंटच्या पिशव्या, एकामागून एक एकाच माणसाला येऊ नये; मध्ये हलकी ऑर्डर यावी. जड माल रॅकच्या कंबरेच्या उंचीच्या खान्यात ठेवावा, वर आणि तळाशी हलका. रोबोचं वरचं शेल्फ बुटक्या बायकांना खांद्याच्या वर जातं, तर वरच्या क्रेटमध्ये फक्त हलका माल द्यावा. दोन तासांनी गल्ली बदलावी, आणि मधून मधून पॅकिंगवर पाठवावं म्हणजे हालचाल बदलते. यातलं बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये करता आलं. माल ठेवायची जागा बदलायला जास्त वेळ लागला, कारण त्यासाठी पुटअवेच्या, म्हणजे आलेला माल रॅकमध्ये लावणाऱ्या, माणसांचं काम बदलावं लागलं.

स्क्रीनचा प्रश्नही तिथेच सुटला. रोबोच्या स्क्रीनवर इंग्रजी होती आणि कोपऱ्यात सेकंद मोजणारं घड्याळ. भाषा मराठी आणि हिंदी करून घेतली. बॅज जवळ आला की गाडी त्या माणसाची भाषा दाखवते. ते घड्याळ काढायला सांगितलं तेव्हा वरून विचारणा झाली, की त्याने वेग वाढतो ना? वाढतो, पण स्कॅन न करता माल टाकणंही वाढतं आणि चुकीचे नग जातात. परत आलेल्या मालाचे आकडे समोर ठेवल्यावर घड्याळ गेलं. वेगाचा अहवाल आता पाळी संपल्यावर गल्लीच्या नावाने निघतो, माणसाच्या नावाने नाही. हे मान्य करून घ्यायला मला सर्वांत जास्त वेळ लागला.

आणि चहा. चहाची सुट्टी झाली की ऑर्डरी येतच राहायच्या, रोबो रॅकसमोर जाऊन उभे राहायचे. पंधरा मिनिटांनी लोक परत यायचे तेव्हा प्रत्येक गल्लीत दिवे लुकलुकवत गाड्यांची रांग. चहा घशाखाली उतरायच्या आत धावपळ. कुणीतरी सुचवलं, चहा टप्प्याटप्प्याने द्या, म्हणजे गाड्या थांबणार नाहीत. पिकर्सनी साफ नकार दिला आणि मी त्यांच्या बाजूने उभी राहिले. दिवसभर गाडी तुमच्याकडे येते म्हटल्यावर माणसाने माणसाशी बोलायची वेळ तेवढीच उरते. पूर्वी गल्ल्यांतून चालताना दोन शब्द बोलणं व्हायचं, तेही गेलं होतं. शेवटी उपाय बॅटरीत सापडला. रोबोच्या लिथियम बॅटऱ्यांना थोड्या थोड्या वेळाने चार्जिंग चालतं. चहाच्या दहा मिनिटं आधी नव्या ऑर्डरी सोडायच्या बंद, हातातल्या पूर्ण होतात, आणि चहाच्या वेळी सगळ्या गाड्या चार्जिंगला जातात. सुट्टी संपून लोक आले की एकेक करत बाहेर येतात. पाळीतलं एकूण काम यामुळे कमी झालं नाही. उलट दुपारी मध्येच बॅटरी उतरून थांबणाऱ्या गाड्या बंद झाल्या.

मे महिन्याचा प्रश्न अजून बाकी आहे. पत्र्याखाली दुपारी इतकं तापतं की पंखे गरम हवाच फिरवतात. गाडीचा वेग तोच राहतो, माणसाचा राहत नाही. गल्लीतलं तापमान ठरावीक मर्यादेच्या वर गेलं की ऑर्डरी सोडायचा वेग आपोआप कमी व्हावा, असं आम्ही मागितलं आहे. पुरवठादार म्हणतो जोडून देता येईल, सेन्सर आमच्याकडून हवेत. आमच्याकडे सेन्सरच्या खर्चाची फाइल फिरते आहे.

पुढच्या वर्षी गाड्या वाढणार आहेत आणि शेजारच्या गाळ्यातही सुरू होणार आहेत. तिथल्या पाळीची इनचार्ज नवी मुलगी आहे, ती गेल्या आठवड्यात येऊन गेली. तिला मी सुरुवात कुठून करायची ते सांगितलं: माल भरलेला असताना वाय-फायची मोजणी, आगीची तालीम, मालाच्या नुकसानीचे पैसे पगारातून कापणार नाही ही नोटीस, आणि कंट्रोल रूममधल्या त्या आकड्यांच्या बैठकीत बसणाऱ्या चार पिकरची नावं, गाड्या यायच्या आधी ठरवलेली. तिने विचारलं, फरशीचं काय? म्हटलं, तुझ्या मुलींच्या हातात खडू दे.